रक्ताची परतवाट
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



 विषय आम्हीच सुचविला. तो ऐकून कार्यवाहांनी किंचित विस्मयाने विचारले की, कला शाखेची पदवी घेतलेल्या आणि केंद्र शासनाच्या सेवेत नस्तींच्या ढिगाआड केस पिकविलेल्या गृहस्थाने शरीरशास्त्रावर बोलावे, हे कसे? त्यांची शंका रास्त आहे. आम्ही वैद्य नव्हे. परंतु आपल्या या नगरात काही माणसे आठ-आठ तास उभी राहतात आणि आमच्यासारखी काही आठ-आठ तास बसून राहतात. या दोन्ही गोष्टींचा जाच ज्या एका अवयवास होतो, त्याची कसून चौकशी करण्याचा प्रसंग आमच्या घरातच आला. त्या निमित्ताने जे वाचले आणि जाणत्या डॉक्टरमंडळींकडून समजावून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो. तो अवयव म्हणजे पोटरी.

हृदयाची थोरवी सांगण्याची आवश्यकता नाही. कवींनी ते काम पुरेपूर केले आहे. पोटरीवर कोणी काव्य रचल्याचे निदान आमच्या वाचनात नाही. तथापि हिशेब मांडून पाहावा. प्रौढ माणसाच्या देहात सुमारे 5 लिटर रक्त असते, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय दर मिनिटास जवळजवळ तेवढेच रक्त बाहेर ढकलते. अर्थात मिनिटाभरात जेवढे गेले तेवढे परत आलेच पाहिजे. न आल्यास पुढच्या ठोक्याला हृदयाजवळ पाठविण्यासारखे काही उरणार नाही. आमच्या कचेरीत जावक विभागाचा थाट मोठा असतो. साहेबांची सही, शिक्का, लाखेची मोहोर, सारे तेथे. आवक विभागातील कारकुनाचे नावही कोणास आठवत नाही. परंतु आवक बंद पडली की चार दिवसांत जावकही थंडावते, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे. देहाचेही तसेच आहे.

हृदयातून निघताना रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारे 120 मिलिमीटरपर्यंत चढतो. रोहिण्यांतून, म्हणजे धमन्यांतून, धावत ते पायाच्या बोटांपर्यंत पोहोचते. तेथे केसाहूनही सूक्ष्म अशा केशवाहिन्यांतून झिरपते, आणि पलीकडे नीलांत, म्हणजे ज्यांना आपण व्यवहारात शिरा म्हणतो त्यांत, उतरते. या प्रवासात त्याचा सारा जोर खर्ची पडतो. हृदयाने दिलेल्या धक्क्यापैकी त्याच्या गाठीस आता दहा-पंधरा मिलिमीटरच उरलेले असतात, आणि समोर तर घोट्यापासून छातीपर्यंतचा उभा चढ आहे. बरे, नीला या काही लोखंडी नळ्या नव्हेत. त्यांच्या भिंती मऊ आणि सैल असतात, रक्त भरेल तशा त्या फुगतात. देहातील एकूण रक्तापैकी सुमारे दोन तृतीयांश रक्त कोणत्याही क्षणी नीलांतच असते. तेव्हा माणूस निश्चल उभा राहिला, तर रक्त वर जातच नाही असे नव्हे. जाते, परंतु मंदपणे, वाटेतल्या शिरा फुगवीत आणि पाय जड करीत.

मग ही परतवाट चालते कशी? या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला दुवा इटलीतील पादुआ येथे सापडला. तेथील विद्यापीठात फॅब्रिशियस नावाचे शरीररचनेचे आचार्य होते. नीलांच्या आत जागोजागी असणाऱ्या चिमुकल्या झडपांवर त्यांनी 1603 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. रक्त नीलांमधूनही हातापायांकडेच वाहते, अशी त्या काळची समजूत होती. साहजिकच हे रक्त एकदम खाली लोटून पायांत तुंबू नये म्हणून निसर्गाने हे बंधारे घातले असावेत, असा तर्क त्यांनी केला. पायांत रक्त तुंबण्याची भीती त्यांना बरोबर दिसली होती, दिशा मात्र उलटी धरली गेली. ती सुलटी केली त्यांच्याच एका इंग्रज विद्यार्थ्याने. विल्यम हार्वी यांनी 1628 साली फ्रांकफुर्ट येथून आपला प्रसिद्ध लॅटिन ग्रंथ छापला आणि रक्त देहात चक्राकार फिरते हे दाखवून दिले. हिशेबाच्या माणसाला हार्वी विशेष आवडावेत. एका ठोक्याला किती रक्त जाते आणि अर्ध्या तासात ठोके किती, याचा गुणाकार करून त्यांनी सांगितले की, अर्ध्या तासात हृदय बाहेर टाकते तेवढे रक्त अख्ख्या देहात नाही! तेव्हा तेच रक्त पुनःपुन्हा परत येत असले पाहिजे.

झडपांचा पुरावा त्यांनी हातावरच दिला. तो प्रयोग आपण बसल्या जागी करू शकता. हात क्षणभर खाली सोडावा, म्हणजे त्याच्या पाठीवरील शिरा उठून दिसतील. एका शिरेवर बोटांकडच्या बाजूस एक बोट दाबून धरावे, आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातील रक्त मनगटाकडे निपटून सारावे. शीर सपाट होईल. आता हे दुसरे बोट उचलले, तरी पुढच्या झडपेपर्यंतची शीर सपाटच राहील. गेलेले रक्त मागे येणार नाही. पहिले बोट उचलताच मात्र ती खालून भरेल. पुढच्या रांगेतील बालमंडळींनी प्रयोग सुरूही केलेला दिसतो; चालू द्यावा.

झडपा रक्ताला मागे येऊ देत नाहीत, पण त्या स्वतः रक्त वर ढकलीत नाहीत. ढकलण्याचे काम पोटरीचे. पोटरीत मुख्यतः दोन स्नायू आहेत. वरचा दोन मुखांचा, ज्याच्यामुळे पोटरीला तिचा गोलवा येतो. आणि त्याच्या खाली झाकलेला, वहाणेच्या तळासारखा चपटा, ज्याला लॅटिनमधील वहाणेच्या नावावरून सोलियस म्हणतात. पायातील मोठ्या, खोल नीला या स्नायूंच्या मधून जातात, आणि सोलियसच्या पोटात तर नीलांच्या पिशव्यांसारख्या पोकळ्याच असतात. या साऱ्यांभोवती एक घट्ट, फारसे न ताणणारे वेष्टन असते. आपण टाच उचलतो तेव्हा स्नायू आवळतो आणि जाड होतो. वेष्टनामुळे त्याला बाहेर फुगण्यास वाव नसतो, म्हणून तो आतल्या नीला पिळून काढतो. त्यांतील रक्त निसटू पाहते. खालच्या झडपा मिटतात, वरच्या उघडतात, रक्त गुडघ्याकडे उसळते. टाच टेकली, स्नायू सैल पडला, की रिकाम्या झालेल्या या नीला त्वचेखालच्या उथळ शिरांतील रक्त जोडशिरांवाटे आत ओढून घेतात. लोहाराच्या भात्याचेच हे तत्त्व, आणि ब्लास्ट फर्नेसच्या नगरीत भाता समजावून सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

या भात्याची ताकद किती? एका दमदार आवळण्यात पोटरीतील निम्म्याहून अधिक नीलारक्त वर फेकले जाते. स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्यापाशी नीलांतील दाब सुमारे 90 मिलिमीटर असतो, कारण छातीपर्यंतच्या रक्तस्तंभाचा सारा भार तेथे येतो. तोच माणूस चालू लागला की काही पावलांतच हा दाब 30 च्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरतो. आणि थांबून निश्चल उभा राहिला, की थोड्याच वेळात पुन्हा 90. पाऊल टेकताना तळव्यातील नीला दाबल्या जातात, त्यांचीही मदत होते. श्वास आत घेताना छाती रक्त वर खेचते, तिचीही होते. परंतु मुख्य कष्टकरी पोटरीच. म्हणून डॉक्टर तिला दुसरे हृदय म्हणतात. आम्हाला ही उपमा अर्धवट वाटते. पहिले हृदय आपण झोपलो, रागावलो, विसरलो तरी आपले काम करीत राहते. हे दुसरे हृदय मात्र आपली आज्ञा झाल्याखेरीज एकदाही ठोका देत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. त्या काळापासून विदर्भातून, खानदेशातून, कोकणातून आलेली आपली माणसे येथे तीन पाळ्यांत उभी राहिली. देशभरातील रेल्वेचे रूळ येथे ओतले आणि लाटले गेले, त्यात या माणसांच्या पायांचा वाटा किती, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. उभे राहणारे केवळ कारखान्यात होते असेही नाही. शाळेतल्या आपल्या बाई पाचसहा तास फळ्यापुढे उभ्या राहत. न्हावी, पोलीस, बसवाहक, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, सर्व उभेच. आणि घरातली गृहिणी? आमच्या आजीने चुलीपुढे पाटावर बसून जन्म काढला; तिच्या नातसुनांच्या स्वयंपाकघरात उभा ओटा आला, सोय झाली, आणि उभे राहण्याचे तास वाढले. गरोदरपणात पोटातील भार नीलांवर पडून ही पीडा आणखी वाढते. स्त्रियांच्या पायांवर निळ्या-जांभळ्या नागमोडी शिरा अधिक दिसतात, त्याला अशी कारणे आहेत. ‘वयोमानाने व्हायचेच’ म्हणून त्या साडीखाली झाकल्या जातात.

शासनाला हे सुचले नव्हते असे मात्र नाही. 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या 44 व्या कलमात, ज्यांना उभ्याने काम करावे लागते अशा कामगारांसाठी बसण्याची योग्य व्यवस्था ठेवावी, म्हणजे कामाच्या ओघात संधी मिळेल तेव्हा त्यांना टेकता येईल, अशी तरतूद करण्यात आली होती. दुकानांतील नोकरांना हा हक्क मिळण्यास फार काळ लागला. केरळात साड्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनी त्यासाठी चळवळ केली आणि 2018 साली तेथे कायद्यात दुरुस्ती झाली. 2021 साली तमिळनाडूने तेच केले. दिवसभर गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडणाऱ्या मुलीला स्टुलावर टेकण्यासाठी कायदा लागावा, याचा अर्थ आपण समजू शकता.

परंतु खुर्ची मिळाली म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. 1940 साली लंडनवर बाँबवर्षाव होत असताना हजारो माणसे रात्री तळघरांतून व भुयारी आश्रयस्थानांतून काढीत. कित्येकजण कापडी आरामखुर्च्यांत बसूनच झोपत. खुर्चीची आडवी दांडी मांडीच्या मागे रुतलेली, पाय लोंबकळलेले, हालचाल नाही. बाँब न लागताही त्यांतील काही जण सकाळी उठून चालू लागताच कोसळले आणि गतप्राण झाले. डॉ. कीथ सिम्पसन यांनी शवविच्छेदने करून दाखविले की, पायाच्या खोल नीलांत रक्त साचून गोठले, आणि ती गुठळी सुटून हृदयामार्गे फुप्फुसात जाऊन अडकली. पुढे आश्रयस्थानांत निजण्यासाठी फळ्या बसविण्यात आल्या. 1954 साली अमेरिकेतील डॉ. जॉन होमन्स यांनी विमानाचा आणि मोटारीचा लांब प्रवास, इतकेच काय नाटकगृहात फार वेळ बसणे, यांतूनही हाच प्रकार उद्भवल्याचे नमूद केले.

आपण सारे लांबच्या प्रवासाचे धनी आहोत. येथून मुंबई सुमारे 1,100 किलोमीटर. पूर्वी आगगाडीत जागा मिळविण्यासाठीच इतकी धावपळ होई की पोटरीला विश्रांती नसे. आता आरक्षित आसनावर बसलो की नाशिक येईपर्यंत उठत नाही. मुले परदेशी गेल्यामुळे साठी-सत्तरीच्या आईवडिलांना पंधरा-पंधरा तासांचे विमानप्रवास घडतात. त्यांनी तासा-दीड तासाने उठून चार पावले टाकावीत; उठता आले नाही तर बसल्या जागी टाचा व चवडे आळीपाळीने उचलावेत, आणि पाणी पीत राहावे. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आता ज्या घरगुती प्रसंगाचा आरंभी उल्लेख केला, तो सांगतो. आमचे थोरले बंधू उभ्याच्या नोकरीत बत्तीस वर्षे होते. निवृत्तीच्या आधीपासूनच त्यांचे घोटे संध्याकाळी सुजत. मग घोट्याच्या आतल्या अंगाची कातडी तपकिरी पडली, खाजू लागली, आणि एके दिवशी पलंगाचा कोपरा लागल्याचे निमित्त होऊन तेथे जखम झाली. ती सहा वर्षे भरली नाही. मलमे झाली, कडुनिंबाचे पाणी झाले, उपवासही झाले. ‘पायाला जपा, हलवू नका’ हा सल्ला मात्र सर्वांनी एकमुखाने दिला. बंधू आज्ञाधारक. दिवसभर खुर्चीत पाय खाली सोडून बसत. जखम वाढत गेली, घोटा आखडला, त्यांचे मंडळात येणे सुटले. वासामुळे लोकांत बसण्याचा त्यांना संकोच वाटे, हे वहिनींनी आम्हाला फार उशिरा सांगितले.

अखेर एका वयोवृद्ध शल्यचिकित्सकांनी त्यांना पाहिले. जखमेकडे त्यांनी जेमतेम नजर टाकली. बंधूंना उभे केले, टाचा उचलण्यास सांगितले. घोटा वाकेना. तेव्हा ते म्हणाले, “जखम येथे आहे, रोग वर आहे.” नीलांच्या झडपा निकामी झाल्यामुळे वर गेलेले रक्त पुन्हा खाली घसरत होते. सततच्या दाबाने पाणी व रक्तकण कातडीत झिरपून ती कुजू लागली होती. त्यातच न चालल्यामुळे घोटा आखडला आणि घोटा वाकत नसल्यामुळे पोटरीचा भाता बंद पडला. उपचार अगदी साधा होता. पायातील रोहिण्यांचा प्रवाह ठीक आहे याची खात्री करून घेऊन पावलापासून गुडघ्यापर्यंत लवचीक पट्टा बांधला, घोट्यापाशी घट्ट आणि वर किंचित सैल. दिवसातून तीन-चार वेळा पाय छातीहून उंच ठेवून निजणे. आणि पट्टा बांधून रोज चालणे, घोट्याचा व्यायाम करणे. वहिनी रोज पहाटे पट्टा बांधीत. तो कसा ताणावा हे त्या इतक्या नेमके शिकल्या की परिचारिकांनीही वाखाणावे. साडेचार महिन्यांत जखम भरली. सहा वर्षे ज्याला ‘हलू नका’ म्हणून सांगितले, त्याचे औषध हालचालीत होते, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. अशा जखमा घेऊन किती जण आपल्या आसपास घरांत बसून असतील, याचा विचार करूनच आम्ही हा विषय निवडला.

विठोबा कमरेवर हात ठेवून विटेवर उभा आहे. देवाला ते शोभते. त्याच्या नीलांची चिंता करण्याचे आपल्याला कारण नाही. भक्त मात्र त्याच्याकडे चालत जातात. ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून पालखी निघते आणि आषाढीपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट पायी सरते. दिवे घाटाच्या चढणीवर सत्तरीच्या म्हाताऱ्या टाळ वाजवीत वर जाताना आम्ही पाहिल्या आहेत. पायांना फोड येतात, अंग मोडून येते, वाटेत पाय चेपणारे सेवेकरी लागतात; वारी सुखाची नसते. परंतु एका पावलाला एक, असा पोटरीचा ठोका तेथे दिवसभर चालू असतो. आपल्याला येथे घाट नाही, पण सेक्टरांतून झाडांच्या सावलीचे सपाट, सरळ रस्ते आहेत. संध्याकाळी त्यांवर मोटारी फार आणि चालणारी माणसे थोडी दिसतात.

दोन गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. शाळेच्या प्रार्थनेत किंवा ध्वजवंदनाच्या वेळी उन्हात ताटकळलेले मूल एकाएकी पांढरेफटक पडून खाली कोसळते. पायांत रक्त उतरून राहिल्यामुळे मेंदूला क्षणभर कमी पडलेले असते. अशा वेळी चार जण धावून त्याला उचलून बसवितात, ते करू नये. त्याला आडवेच राहू द्यावे आणि पाय वर धरावेत. बहुधा ते लगेच डोळे उघडते. कवायतीत उभ्या राहणाऱ्या जवानांना बुटांतल्या बुटांत बोटे आणि टाचा हलविण्यास शिकवितात, ते यासाठीच. आपल्या मुलांनाही शिकवावे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. दोहोंपैकी एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखून गरम लागू लागली, तर आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे तेल कोमट करून चोळणे. ते सर्वथा टाळावे. आत गुठळी असल्यास चोळल्याने ती सुटण्याचा धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आणि सोबत धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नये. तसेच आमच्या बंधूंचा पट्टा पाहून कोणी, विशेषतः मधुमेह असणाऱ्यांनी, बाजारातून घट्ट मोजे आणून परस्पर चढवू नयेत. पायाकडे येणारे रक्तच ज्याचे अपुरे आहे, त्याला ते घातक ठरतात.

आमची वेळ संपत आली आहे. आपण पाऊण तास एका जागी बसून आमचे बोलणे ऐकलेत, म्हणजे आम्ही ज्या गोष्टीचा निषेध करीत होतो तीच आपल्याकडून करवून घेतली. यानंतर नाट्यगीतांचा कार्यक्रम दोन तासांचा आहे, असे कळते. मध्यंतरात चहा जागेवर आणून देण्याची व्यवस्था स्वयंसेवकांनी केली होती. अध्यक्षांच्या अनुमतीने आम्ही ती रद्द करविली आहे. चहा बाहेर, व्हरांड्याच्या पार त्या टोकाला ठेवला आहे.